डावा माझा, उजवा मामांचा

हिरामणमामांच्या अंत्यदर्शनाला मी हातमोजे घालून नमस्कार केला. सांगायला लाज वाटते, पण लपवून उपयोग नाही. वळ हे मामांचं गाव, त्यातल्या निम्म्याने ते पाहिलं आणि उरलेल्या निम्म्याला या निम्म्याने सांगितलं. झालं असं की त्या गुरुवारी दुपारी मी दापोड्याच्या आमच्या गोदामात आलेला माल तपासत होतो. मामांच्या मुलाचा, किशोरचा फोन आला. "भावजी, बाबा जेवून पडवीत आडवे झाले, ते उठलेच न्हाईत..." एवढंच तो बोलला. मी हातातला खोका तिथेच ठेवला आणि स्कूटर काढली. दापोड्याहून वळला जायला वेळ तो किती लागतो! खोके उचलताना घालायचे राखाडी हातमोजे हातात तसेच राहिले. अंगणात माणसं जमली होती, मला वाट करून दिली. मी पायांशी उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा किशोर माझ्या हातांकडे बघत होता. मला वाटलं, नमस्कार पायांना हात लावून करा असं त्याला सुचवायचं असावं. तो जवळ येऊन कानात म्हणाला, "भावजी, हातमोजे..."

मी ते इतक्या घाईने ओढून काढले की एक निसटून थेट मामांच्या पायावर पडला. कुणीतरी उचलायला वाकलं, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे. त्यांना सवय हाय मोज्यांची." आणि मग त्यांना जे रडू आलं ते बराच वेळ थांबलं नाही.

याला आता सहा आठवडे झाले. एका म्हाताऱ्या माणसाला हातमोज्यांची सवय कशी लागली, ही खरं तर मोठी गोष्ट नाही. पण तिच्यात माझे दोन-तीन गाढवपणे आहेत, आणि मामांचं मोठेपण त्या गाढवपणांच्या मधूनमधूनच मला दिसलं. तेव्हा ते गाळून सांगता येणार नाही.

मामा तसे माझे नव्हेत, माझ्या बायकोचे, सुवर्णाचे. ती चार वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि तिची आई तिला घेऊन भावाकडे, वळला आली. सुवर्णा मामांच्या खांद्यावर वाढली असं मामी म्हणत, आणि ते बरंचसं शब्दशः खरं होतं. खाडीवर जाताना एका खांद्याला मासळीची पिशवी आणि दुसऱ्यावर ही. सात-आठ वर्षांची झाल्यावर तर गरीला, म्हणजे गळाला, लागलेला मासा सोडवायचं काम मामांनी तिच्याकडेच दिलं. दोरी त्यांच्या हातात, मासा हिच्या. मी मात्र घाटावरचा. वडील साताऱ्याकडून भिवंडीत लूमवर कामाला आले, मी शहरात वाढलो, आणि लग्नापर्यंत मासा मला शेजारच्या वासावरूनच काय तो ठाऊक. मुलगी बघायला गेलो तेव्हा पानात बोयीचं कालवण आलं. मी ते भेंडीच्या भाजीसारखं खाल्लं. घशात काटा अडकला, डोळ्यांतून पाणी आलं, पण पाहुण्याने तक्रार करायची नसते म्हणून वरून भाताचे घास लोटत राहिलो. मागाहून कळलं की घरात माझ्याबद्दल दोन मतं पडली होती आणि निकाल मामांनी दिला. "पोरगा चांगला हाय. काट्यासकट गिलला, पन बोलला न्हाय." माझ्या संसाराचा पाया हा असा आहे.

मामांनी तीस-बत्तीस वर्षं भिवंडीत पॉवरलूमवर काढली, पुढची बरीच वर्षं जॉबर म्हणून. लूम बिघडला की तो चालता करायचा, हे जॉबरचं काम. मामा बिघडलेल्या लूमजवळ जाऊन आधी डोळे मिटत आणि ताणलेल्या सुतांवरून बोटं फिरवत, पेटीच्या पट्ट्यांवरून फिरवावीत तशी. मग एका जागी थांबून म्हणत, "यो तुटनार." आणि घटकाभरात तोच धागा तुटायचा. उत्तर प्रदेशातून नवी आलेली मंडळी त्यांना उस्ताद म्हणत. तुटलेल्या सुताला गाठ मारायला मामा त्यांना शिकवत, तेही आपल्या खास हिंदीत. "देख भाई, आँख बंद कर. बोटसे देख, बोटसे." ती माणसंही पुढे आपल्या माणसांना "बोटसे देख" असंच शिकवू लागली.

खाडीवरही तेच. मामांना काठी, चाक, घंटी असलं काही लागत नसे. नुसती दोरी, टोकाला शिसं आणि गरी, गरीला कोलंबीचा तुकडा. दोरी डाव्या मुठीत धरायची आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून पाण्यात सोडायची. खाली काय चाललंय ते त्या बोटाला कळतं. वळच्या पलीकडे गोदामं संपतात आणि तिवरांची झाडी सुरू होते, तिथे जुन्या बांधावर एक उघाडी आहे, खाडीचं पाणी शेतात घ्यायचं-सोडायचं दगडी दार. शेतं आता गोदामांखाली गेली, उघाडीला काम उरलं नाही, पण मामांची बैठक तिच्यावरच असायची. मासा दिसायच्या आधी ते त्याचं नाव सांगत. मी त्यांना चुकताना पाहिलेलं नाही... म्हणजे, अडीच वर्षांपूर्वीपर्यंत.

अडीच वर्षांपूर्वी शिंगाळीचा काटा त्यांच्या अंगठ्यात गेला. शिंगाळीच्या कल्ल्यामागे दोन काटे असतात, टोचले तर धडधाकट माणूस बोंब मारतो. मामा घरी आले, जेवले, झोपले, कुणाला काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला तेव्हा सगळ्यांना कळलं. साखरेचं दुखणं जुनंच होतं. पंधरा दिवस दवाखान्यात काढले, अंगठा थोडक्यात वाचला. डॉक्टरांनी बजावलं, हाताला साधा ओरखडाही उठता कामा नये. किशोरने त्याच दिवशी दोऱ्या आणि गऱ्या माळ्यावर टाकल्या.

मामा भांडले नाहीत. त्यांनी पडवीतली आपली खुर्ची फिरवली आणि रस्त्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसू लागले. दोन महिने. जेवायला हाक मारली की उठत, जेवत, पुन्हा भिंतीसमोर. कंटेनरच्या कंटेनर दारावरून जायचे, ते मान वळवत नसत. मामी म्हणाल्या, "घरात माणूस हाय का कपाट, कलंना झालंय." त्या रविवारी सुवर्णा तडक मामांच्या समोर, म्हणजे मामा आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभी राहिली. माझ्याशी ती शहरातलं मराठी बोलते, मामांशी गावचं. म्हणाली, "मामा, खाडीवर जायचा का?"

मामांची मान वर झाली.

"हातमोजं घालून जायचा. मोजं न्हाईत तं खाडी न्हाय. कबूल?"

"मोजं घालून कोन गरवतं का, बाय?"

"कबूल हाय का सांग."

मामांनी खुर्ची रस्त्याकडे फिरवली. कबूल असल्याची ती सही होती. मग सुवर्णा माझ्याकडे वळली. "मोजे हे आणतील. यांच्या गोदामात जगातलं सगळं येतं."

जगातलं सगळं येतं, हे मीच तिला वेळोवेळी सांगितलेलं होतं. त्यामुळे मागे सरता येईना.

पहिली जोडी मी आणली ती नारिंगी रबराची, कोपरापर्यंत. पाणी आत शिरणार नाही, मग चिंता कसली, असा माझा हिशेब. मामांनी ती घेतली, बराच वेळ गालावर घासली, मग बादलीत बुडवली. तोंडातून पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. "जावयबापू," मामा म्हणाले, "यो मोजा हाय का पखाल?" तेव्हा मी पहिला धडा शिकलो. हातमोजा पाणी अडवणारा नको, आलेलं पाणी जाऊ देणारा हवा. दुसरी जोडी वेल्डिंगवाल्यांची, चामड्याची. शिंगाळीच्या बापाचाही काटा तिच्यातून गेला नसता. एकदा भिजली, मामींनी वळणीवर टाकली, दुसऱ्या दिवशी ती सुक्या बोंबलासारखी कडक. ती मामींनी चुलीवरचं भांडं उतरवायला ठेवून घेतली आणि माझे मनापासून आभार मानले. तिसरी मी मोबाइलवरून मागवली, खास मासेमारीची, निळी, ऐटबाज, प्रत्येक हाताची तीन बोटं टोकाला कापलेली. खोका उघडताच सुवर्णाने ती तीन भोकं पाहिली. "ज्या बोटांना इजा होते, तीच उघडी? अहो, छत्री आणा म्हटलं तर तुम्ही तारा घेऊन आलात." ती आमच्या मुलीने सायकल चालवायला नेली.

प्रत्येक जोडीची परीक्षा मामा स्वतः घेत आणि त्या परीक्षेत मला काम असे. ते पडवीत मोजे घालून, डोळे मिटून बसत. दोरी त्यांच्या बोटावरून निघून, घराला वळसा घालून, मागच्या शेवग्यापर्यंत. तिथे मी. "जावयबापू, तुमी मासा व्हा," ते म्हणत. मी मासा व्हायचो. ओळखीचे लोक मागच्या वाटेने जाता-येता बघत, आणि मी, एका गोदामाचा सुपरवायझर, शेवग्याखाली उकिडवा बसून मामांनी सांगितल्याप्रमाणे दोरीला कधी बोयीच्या टिचक्या, कधी शिंगाळीचे हिसके द्यायचो. पुढून मामा ओरडत, "बोय!" मी म्हणायचो, "नाही, शिंगाळी." मग मामांचा निकाल यायचा, "मोजा बहिरा हाय. दुसरा बगा."

तीनही बहिरे निघाल्यावर मी मामांनाच स्कूटरवर बसवून भिवंडीच्या बाजारात रशीदभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात नेलं. रशीदभाई कोकणी मुसलमान, आजोबांपासूनचं दुकान. लूमच्या सामानासाठी मामांची तिथे जन्मभर ये-जा.

"आओ हिरामणदादा! काय पायजे?"

"मोजं. गरवायला."

"मोजं?" रशीदभाईंनी चष्मा वर केला. "दादा, उमर गुजरली तुमची खाडीत, नि आत्ता मोजं?"

"भाचीनं कायदा केलाय."

"भाची ने? फिर तो अपील पण नाय चालायची."

त्यांनी काउंटरवर ढीग ओतला. मामा एकेक जोडी उचलत, गालाला लावत, डोळे मिटत. मला वाटायचं, काय ही पारख! मीही एक गालाला लावून बघितला आणि रशीदभाईंच्या नोकराला हसू आवरेना. मग मामांनी पाण्याची बादली मागितली. "दुकान में बाल्टी मागणारा पहिला गिऱ्हाईक," रशीदभाई म्हणाले, पण बादली आणवली. मामा मोजा भिजवत, पिळत, घालत, आणि ओल्या मोज्याने काउंटरवरची तेलाची बाटली उचलून बघत. सरकली की बाद. शेवटी एक राखाडी जोडी उरली, वरून सुती विणीची, तळव्याला खरखरीत रबर, काच आणि पत्रे उचलायला वापरतात ती. पाणी विणीतून निघून जात होतं, बाटली हलत नव्हती. "भिजला का सैल पडतो, एक नंबर ल्हान द्या," मामा म्हणाले.

मी म्हणालो, "वा, अशी जोडी मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

रशीदभाई माझ्याकडे बघत राहिले. "भाईजान, तुमच्या खिशात काय आहे?"

माझ्या शर्टाच्या खिशातून राखाडी हातमोज्याची चार बोटं बाहेर डोकावत होती. तीच वीण, तेच रबर. गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी ड्युटीवर तीच जोडी हातात चढवतो. मामांनी दुकानात हसू दाबलं. परत येताना स्कूटरवर मागून त्यांचं पोट मात्र माझ्या पाठीला लागून सारखं हलत होतं.

जोडी मिळाली, आता खाडी दूर नाही असं वाटलं. पण घरच्या परीक्षेत हीही नापास. मी शिंगाळीसारखा हिसकलो तरी मामा म्हणत "बोय", बोयीसारखा टोचलो तर काहीच म्हणत नसत. मोठा खरखरीत श्वास टाकून म्हणाले, "यो बी बहिराच. पुन्ना एकदा करा." माझे गुडघे दुखायला लागले होते आणि मला त्यांना सांगायचं होतं की मामा, दोष मोज्याचा नसेल, माझ्या मासेपणाचा असेल. पण दोरी सोडली असती तर परीक्षा मोडली असती. शेवग्याला मामींची शेळी बांधलेली होती. मी दोरीचं टोक शेळीच्या गळ्यातल्या दाव्याला अडकवलं आणि पुढे गेलो. हा माझा दुसरा गाढवपणा. पण तो मी केला नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

पडवीत मामा डोळे मिटून बसले होते. दोन्ही मोजे काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते. उघड्या बोटावरून दोरी गेली होती, आणि दोरी नाचत होती. मागे शेळी पाल्यासाठी मान झटकत असणार. दोरी ताणत होती, सुटत होती, बोटाची कातडी दाबली जाऊन पांढरी पडत होती. आणि मामा त्या शेवग्याच्या दिशेने मान करून म्हणाले, "करा ना सुरू, जावयबापू... कवाशी वाट बगतोय."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. खोकललो.

मामांनी डोळे उघडले. मला पाहिलं, मग बोटावरच्या दोरीला पाहिलं. ती अजून नाचतच होती.

"मंग तिकडं कोन हाय?"

"शेळी," मी म्हणालो.

मामा हसले. आधी थोडं, मग पोट धरून. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुसायचे थांबलेच नाहीत. मी शेजारी बसलो. मग त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर उघडे धरले, दुकानात माल दाखवतात तसे. "बोटं गेली, जावयबापू. हलूहलू, वरसभरात. काटा घुसला तवा बी कललं न्हाय, म्हनून बोललो न्हाय. मना वाटलं, एखादा मोजा तरी असा मिलंल का..." पुढचं ते बोलले नाहीत. मला मात्र सगळं आठवत गेलं. मोजे गालाला लावणं. पारख कसली, जिथे कळत होतं तिथे ते लावून बघत होते. माणूस आयुष्यभर बोटांनी बघत आला आणि बोटांचेच डोळे गेले. ते कुणाला न सांगता त्याने दोष दिला तो बिचाऱ्या मोज्यांना.

"सुवर्नाला सांगू नका," ते म्हणाले. "तिला कललं का मोज्यांचा कायदा बी जाईल नि खाडी बी."

मी वचन दिलं. बायकोपासून काही लपवायचं असेल तर माझ्याइतका वाईट माणूस मामांना शोधून सापडला नसता, पण त्यांच्याकडे निवडीला वाव नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी, पाणी भरायच्या, म्हणजे भरतीच्या वेळेला, आम्ही उघाडीवर बसलो. मामांनी राखाडी जोडीतला डावा मला दिला. "यो तू घाल. दोरी या मुठीत धर, म्हंजे कापनार न्हाय. उजवा हात उघडा. बोट तुजं." उजवा मोजा त्यांनी स्वतःच्या हातात चढवला, मासा धरायला, आणि डाव्या हातात घेतली पक्कड, गरी सोडवायला. मी म्हणालो, "मामा, गोदामातून आणखी एक जोडी आणतो की." ते म्हणाले, "नि तुज्यासाठी जोडी कशाला, असं सुवर्नानं इचारलं तं?" या माणसाने किती पुढचा विचार केलाय, असं मला वाटलं. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इतकी वर्षं मी जावयबापू होतो, तुमी होतो. त्या दुपारपासून मी 'तू' झालो. मोठी बढती मिळाल्यासारखं वाटलं.

पण बोट माझं असून उपयोग काय! दोरी हलली. मी ओरडलो, "मामा, काहीतरी आहे!"

"काहीतरी म्हंजे काय? नीट सांग."

"हलतंय."

"कसं हलतंय? हलायच्या शंभर तऱ्हा हाईत. कशासारकं हाय ते सांग. तुज्या कामातलं सांग, घरातलं सांग."

मी डोळे मिटले. "कुणीतरी सही घ्यायला आलंय आणि साहेब फोनवर आहेत म्हणून टेबलाजवळ घुटमळतंय... थोडं पुढे, थोडं मागे."

"चिंबोरी," मामा म्हणाले. "हलू घे. हिसका देशील तं सोडंल."

मी हळू घेतलं. आमिषाला धरून चिंबोरी वर आली. मामांनी राखाडी उजव्या हाताने ती मागून अलगद उचलली आणि माझ्याकडे असं बघितलं की दहावीच्या निकालालाही घरात माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं.

मग हेच आमचं झालं. दर रविवारी दोरीच्या टोकाला काय चाललंय ते मी सांगायचं आणि त्यांनी माशाचं नाव सांगायचं. मुलगी हट्टाने शर्ट ओढते तसं, म्हटलं की शिंगाळी. पावसाचा एकेक थेंब पत्र्यावर पडतो तसं, म्हटलं की बोय. चुकीचं सांगितलं तर चुकीचा मासा, त्यामुळे वाढवून सांगायची सोय नव्हती, आणि माझ्यासारख्या वाढवून सांगणाऱ्याला ती शिक्षाच. एकदा मी म्हणालो, "मामा, काहीच नाही... फक्त सुवर्णाने आतल्या खोलीतून एकदाच नावाने हाक मारली तसं..." मामा उभेच राहिले. "वड! वड, जिताडा हाय!" तो जिताडा माझ्या मुलीच्या हाताएवढा होता. घरात मला आज लग्नात, बारशात, सगळीकडे गोष्टी सांगायला बसवतात. पाहुणे विचारतात, हे कुठून आलं? मी म्हणतो, उपजत आहे. ते खोटं आहे. ते उघाडीवर आलं, एका माणसाची बोटं होता होता.

घरी आल्यावर सुवर्णा न चुकता विचारायची, "मोजे घातले होते ना?" मी म्हणायचो, "हो, दोन्ही घातले होते." यात खोटं काहीच नव्हतं. माझा डावा मी स्कूटरच्या डिकीत टाकायचो. सोमवारी तो धुऊन बाल्कनीतल्या खिळ्याला टांगलेला असायचा. घरात वस्तू आपोआप धुतल्या जातात अशी माझी फार जुनी समजूत आहे, त्यामुळे त्यावर मी कधी विचार केला नाही.

दोन वर्षं असे रविवार मिळाले. मामांच्या हाताला एक ओरखडा उठला नाही. पाणी पूर्वीसारखं राहिलं नव्हतं, मासा कमी झाला होता, कित्येकदा आम्ही रिकाम्या पिशवीने परत यायचो. पण मामांनी खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवली नाही. शेवटच्या रविवारी तर काहीच लागलं नाही. उठताना ते म्हणाले, "आज काय सांगितलं न्हाईस." मी म्हणालो, "सांगण्यासारखं काही हललंच नाही." "ते बी सांगायचं असतं," ते म्हणाले. चार दिवसांनी गुरुवार होता...

मागच्या आठवड्यात मामींनी मामांची खाडीची पिशवी मला दिली. दोरीची गुंडाळी, शिशाचे तुकडे, पक्कड आणि उजवा हातमोजा. खारं पाणी सुकून तो ताठ झाला होता, बोटं किंचित वळलेली, अजून काहीतरी अलगद धरून असल्यासारखी. मी तो घरी आणला आणि बाल्कनीत खिळ्यावर डाव्याशेजारी अडकवला. दोन वर्षांत पहिल्यांदा जोडी एका जागी आली. तिच्याकडे बघत उभा होतो, तेवढ्यात सुवर्णा चहा घेऊन आली. मग मला राहवलं नाही. शेळीपासून सगळं सांगितलं, बोटं, वचन, डावा, उजवा. म्हटलं आता रागावेल, रडेल. खाडीचं तर आता संपलंच, असंही बोलून गेलो, कारण दोन वर्षांत मासा सोडवायला मी शिकलोच नव्हतो.

तिने चहाचा पेला माझ्या हातात दिला. इतका गरम होता की मी लगेच कठड्यावर ठेवला.

"हेच," ती म्हणाली. "मामा असा पेला मुठीत धरून गप्पा मारत बसायचा. तो काटा लागायच्या आधीपासून. मला काय कळत नव्हतं? आणि दर सोमवारी एकच मोजा धुवायला पडत होता, तोही डावा. एका हाताने कोण गरवतं?"

"मग मोज्यांचा कायदा कशाला केलास?"

"काटा लागू नये म्हणून. आणि त्याला मोज्यांना नावं ठेवता यावीत म्हणून. नाहीतर बोटांना ठेवावी लागली असती."

तिने खिळ्यावरून उजवा मोजा काढला, दोन्ही तळहातांत धरून मऊ होईपर्यंत चोळला, मग हातात चढवला. एक नंबर लहान घेतलेला तो मोजा तिला नीट बसला. बोटं दोनदा मिटून उघडून बघत ती म्हणाली, "रविवारी पाणी किती वाजता भरतंय?"